पंचगंगेत पोहलो म्हणून काळोखातलं स्कूबा येत नाही

"घाटावर पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या कोल्हापूरकराला रात्रीच्या स्कूबाचं ट्रेनिंग म्हणजे पैसे पाण्यात. दम पाहिजे, मोठी बॅटरी पाहिजे, घाबरलं तर सरळ वर यायचं. ऑक्सिजन पाठीवर असतोच. रात्री डाइव्ह, पहाटे घरी!" हा मेसेज मला तीन ग्रुपवरून आला. डबा मीही बांधलाय, म्हणूनच लिहितोय.

आधी दम. घाटावरून सूर मारताना आपण श्वास वर घेतो; तो खाली दाबला जातो आणि वर येताना मूळच्या मापाला येतो. स्कूबात श्वास खालीच घ्यायचा असतो. 10 मीटरवर दाब दुप्पट. तिथं छाती भरून घेतलेली हवा कोंडून वर आलात, तर ती दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुस फाटू शकतं. त्याला दीड मीटरचं अंतरही पुरतं. म्हणजे ज्या दमावर आपण पैजा लावल्या, तीच सवय आधी मोडावी लागते. माझी उजेडात मोडली होती. मग स्विमिंग टँकमध्ये मास्कवर काळा कागद लावून तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारा भाग, काढायला लावला, आणि तो चाचपडताना मी पुन्हा श्वास धरून बसलो. तोंडातून बारीक बुडबुडे सोडत राहायचं, हे साफ विसरलो.

"सरळ वर" हे त्याचंच भावंड. वर यायचा वेग मिनिटाला 9 मीटर, शिवाय 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं. गढूळ पाण्यात तर वर कुठं हेच कळत नाही. बुडबुडे जातात ती दिशा वर. जोडीदार चुकला तर मिनिटभर शोधायचं, मग दोघांनीही सावकाश वर येऊन भेटायचं.

मोठी बॅटरी? गगनबावड्याच्या धुक्यात गाडीचा अप्पर मारून बघा. समोर पांढरी भिंत. गाळाचे कण उजेड तसाच तोंडावर फेकतात. म्हणून टॉर्च अरुंद झोताचा, डोळ्यांपासून बाजूला धरलेला, आणि जोडीला दुसरा. टॉर्चनं गोल फिरवलं की "ठीक आहे". जोडीदाराच्या तोंडावर मारला की शिव्या.

पाठीवर ऑक्सिजन नसतो, साधी दाबून भरलेली हवा असते. शुद्ध ऑक्सिजन 6 मीटरच्या खाली घातक ठरतो.

राहिलं "पहाटे घरी". कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, समुद्रावरून येताना मध्ये डोंगरातला घाट. अंगात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून त्याचे अंगातच बुडबुडे होऊ शकतात. विमानासाठी एका डाइव्हनंतर 12 तास, जास्त झाल्या तर 18 तास थांबायला सांगतात. घाट त्या मानानं बुटका, पण किती थांबायचं हे डाइव्हच्या खोलीवर ठरतं. इन्स्ट्रक्टरला विचारल्याशिवाय गाडीला किल्ली लावू नका.