ताण ‘कायमचा’ राहत नाही हो

‘एकदा केबल ताणून बांधली की तो ताण कायमचा’ हे प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटवरच्या (आतल्या पोलादी केबल ताणून काँक्रीटला आधीच दाबाखाली आणण्याचं तंत्र) लेखातलं वाक्य खटकलं. कायमचा कसला! केबल ओढणारा जॅक सोडला की टोकाला तिला पकडून ठेवणाऱ्या पाचरी जराशा आत सरकतात, तिथूनच ताणाची गळती सुरू. पुढे काँक्रीट आकसतं, सततच्या दाबाखाली वर्षानुवर्षं दबत राहतं, पोलादही थोडं सैलावतं. साधारण १५ ते २५ टक्के ताण असा जातोच आणि डिझाइन करणारा तो आधीच हिशोबात धरतो. खरी गोम इथेच आहे. साध्या सळ्या ताणण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकातही झाले होते, पण त्यांतला मुळातलाच तुटपुंजा ताण काँक्रीटच्या आकसण्यात संपून जायचा. फ्रेंच अभियंते फ्रेसिने यांनी १९२८ मध्ये पेटंट घेतलं ते उच्च ताकदीच्या तारांचं गणित ओळखून: हजार मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताणातले दोनशे गेले तरी आठशे उरतात.

मी काही वर्षं गर्डरच्या (काँक्रीटच्या मोठ्या तुळईच्या) केबल ताणण्याच्या कामावर होतो. एकजण जॅकचा दाब दाखवणारं प्रेशर गेज वाचायचा, मी पट्टी लावून केबल किती मिलिमीटर लांबली ते लिहायचो. एकदा गेज पूर्ण दाब दाखवत होतं आणि लांबी मात्र बरीच कमी. शीथमध्ये, म्हणजे केबल ज्या नळीतून जाते तिच्यात, सिमेंटची स्लरी शिरून केबल मधेच अडकली होती. गेजवर विसंबून राहिलो असतो तर पलीकडच्या अर्ध्या गर्डरला पुरेसा ताण पोचलाच नसता. लेखात या मोजणीबद्दल एक ओळही नाही!