पूल आला, खाली उतरा

इंडियानापोलिसात राहणाऱ्यांकडे सासू-सासरे सहा महिन्यांच्या मुक्कामाला आले की तिसऱ्या महिन्याच्या सुमारास एक अवघड प्रश्न उभा राहतो : आता दाखवायचं काय? नायगारा झालेला असतो, शिकागो झालेलं असतं, देऊळ दर रविवारी होतच असतं. उरतो मका. आमच्या इंडियानात मका उत्तम पिकतो, पण तो बघायला कोणी व्हिसा काढून येत नाही.

नवऱ्याने तोडगा काढला : पार्क काउंटी. यूएस ३६ धरून पश्चिमेला तास-सव्वा तासावर. तिथे ओढ्या-नद्यांवर छपराचे जुने लाकडी पूल आहेत, थोडेथोडके नव्हे, ३१. आणि १९५७ पासून दर ऑक्टोबरात दहा दिवस त्या पुलांचा उत्सव भरतो. आकडा ऐकून पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. गाडी मी चालवायची होती, कारण नकाशा वाचण्याचं जबाबदारीचं काम नवऱ्याने स्वतःकडे घेतलं होतं.

आता अप्पांबद्दल सांगायला हवं. माझ्या सासऱ्यांनी उभी हयात कोकणात सरकारी पूल बांधले. त्यांना नायगारा दाखवला तेव्हा धबधब्याकडे पाठ करून ते पलीकडच्या पोलादी कमानीकडे बघत होते. अशा माणसाला ३१ पुलांच्या गावी नेणं म्हणजे काय, हे मला पहिल्याच पुलाशी कळलं.

लाल फळ्यांच्या भिंती, पांढरं तोंड, वर काळ्या अक्षरांत साल आणि बांधणाऱ्याचं नाव : जे. जे. डॅनियल्स. अप्पा काच खाली करून बघत राहिले. "बघा, याला म्हणतात मान. आमच्याकडे पुलावर उद्घाटन करणाऱ्याचं नाव. इंजिनिअरचं नाव लोकांना कळतं ते पूल पडल्यावर."

नावाखालीच दुसरी ओळ होती. 'क्रॉस धिस ब्रिज ॲट अ वॉक.' म्हणजे चालत पार करा.

"गाडी थांबव," अप्पा म्हणाले.

"अप्पा, ते घोड्यांसाठी लिहिलंय," नवरा म्हणाला. "घोडे दुडक्या चालीने गेले की एका तालात हादरे बसायचे, म्हणून—"

"मला शिकवतोस? सैन्यसुद्धा पुलावर पाय मिळवून चालत नाही. आणि ती वजनाची पाटी दिसली का? ही गाडी, आपण सहा माणसं आणि तुझ्या आईचे डबे."

डब्यांचा मुद्दा खोटा नव्हता. नवरात्र चालू होतं, आईंचे नऊ दिवसांचे उपास होते, आणि अमेरिकेच्या खेड्यात उपासाचं काही मिळणार नाही या खात्रीने साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी असा फराळ डिकीत होता. शिवाय उपास नसलेल्यांसाठी धपाटे.

तर सगळे खाली उतरले आणि रांगेने पुलावरून चालत निघाले. मागून मी एकटी गाडी घेऊन, ताशी पाच मैलांनी. पुढून अप्पा हात हलवून दिशा दाखवत होते, जसं काही पुलाच्या आत डावी-उजवीकडे वळायची सोय होती. फळ्या खडखडत होत्या. माझ्या मनात आलं, पूल गेलाच तर घरातलं एकच माणूस जाईल, तेही बाहेरून आलेलं.

हे प्रत्येक पुलाशी झालं.

आत अप्पांचं व्याख्यान असे, कैच्या (म्हणजे पूल तोलणारे लाकडी सांगाडे) आणि कमानींवर. थिओडोर बर नावाच्या माणसाने लाकडाच्या त्रिकोणी कैचीला दोन्ही बाजूंनी मोठी कमान जोडली आणि १८१७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. इथले बहुतेक पूल त्याच पद्धतीचे. धाकट्याने विचारलं, "पण वर छप्पर का? लोक भिजू नयेत म्हणून?"

"माणसाची काळजी कोण करतो? लाकूड भिजू नये म्हणून. उघडा पूल पंधरा-वीस वर्षांत कुजतो, झाकलेला शंभर वर्षं जातो. आपल्या घराला पावसाळ्याआधी झाप बांधायचो ना, तेच हे." मग त्यांना गावचा साकव आठवला, दर पावसात वाहून जाणारा आणि दर दिवाळीला पुन्हा घातला जाणारा. त्यात बराच वेळ गेला.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट बर्फाची. छपरामुळे हिवाळ्यात पुलाची जमीन कोरडी राहायची आणि घसरगाड्या अडकायच्या. म्हणून बाहेरचा बर्फ फावड्याने आणून आत पसरावा लागे. अप्पा हे ऐकून हरखलेच. "म्हणजे आधी खर्च करून बर्फ बाहेर ठेवायचा, मग खर्च करून आत आणायचा. सरकारी काम सगळीकडे सारखंच!"

थोरलीचं मत होतं की आपण एकाच पुलावर पुन्हा पुन्हा येतोय. नवऱ्याच्या नकाशावर लाल, निळा, पिवळा, काळा, तपकिरी असे पाच रस्ते आखलेले होते, फोनला रेंज नव्हती, आणि मक्याच्या शेतांना तोंड-पाठ नसते. तेव्हा तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतंच. पण अप्पांनी पुरावा काढला. तोंडाला गोल कमान असेल तो डॅनियल्सचा पूल, आणि वरचे कोपरे तिरके तासलेले असतील तो जे. ए. ब्रिटनचा. झालं, पोरांनी फोन ठेवले आणि लांबून पूल दिसला की पैजा सुरू. दुपारपर्यंत थोरली आजोबांचे अकरा डॉलर देणं लागत होती.

ब्रिजटनला मात्र उत्सवाची गर्दी अंगावर आली. नदीवर छोटा बंधारा, काठावर पिठाची गिरणी, शेजारी पूल आणि चहूकडे तळणाचा वास. आई एका तळलेल्या बटाट्याच्या दुकानापाशी थांबल्या आणि त्यांनी मला विचारायला लावलं, की या तेलात आणखी काय काय तळता? दुकानदाराने अभिमानाने यादी सांगितली. आईंनी डबा उघडला.

इथला १८६८ चा मूळ पूल २००५ मध्ये कोणीतरी पेटवून दिला होता. गावाने पैसे, लाकूड, माणसं जमवून २००६ मध्ये तसाच पूल पुन्हा उभा केला. "वर्षभरात?" अप्पांनी दोनदा विचारलं. नंतर बराच वेळ ते कोणाशी बोलले नाहीत. एक खांब ठोकून पाहिला, पावलांनी लांबी मोजली, आणि परत येऊन म्हणाले, "चांगलं केलंय." अप्पांच्या तोंडून हे शब्द मी आमच्या लग्नाच्या व्यवस्थेबद्दलही ऐकलेले नाहीत.

उन्हं उतरताना एका एकेरी पुलाच्या पलीकडच्या टोकाला पिकअप उभा दिसला. आतला म्हातारा शेतकरी हाताने म्हणत होता, तुम्ही या. मी म्हणत होते, तुम्ही या. अप्पा उतरलेच होते. ते तरातरा चालत त्याच्या खिडकीशी गेले. एकाचं इंग्रजी सरकारी फायलीतलं, दुसऱ्याचं शेतातलं, पण छताच्या फळ्यांकडे बोटं दाखवत दोघांचं बरं जमलं. धाकट्याला शू लागली होती. माझ्यामागे तीन गाड्या येऊन थांबल्या. हॉर्न एकानेही वाजवला नाही, आणि त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

अप्पा परतले ते खुशीत. "भला माणूस. तो म्हणाला, परतीच्या वाटेवर पटनम काउंटी लागते. तिथे आणखी नऊ आहेत."

नवऱ्याने नकाशा उलटा करून बघायला सुरुवात केली. मी किल्ली त्याच्या मांडीवर ठेवली आणि मागे, दोन पोरांच्या मधे, आईंच्या डब्याशेजारी जाऊन बसले.