बाहेरचे दार तासाभरात बसत नाही: मजुरीविषयीच्या एका संदेशाला उत्तर

घर बांधणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश सारखा पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा की, बाहेरचे दार बसवणे हे तासाभराचे काम आहे, त्यात तीन बिजागऱ्या आणि डझनभर स्क्रूंपलीकडे काही नसते, म्हणून दाराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक मजुरी मागणारा मिस्त्री लुबाडतो आहे, आणि शहाण्या माणसाने व्हिडिओ पाहून हे काम स्वतःच करावे. मी लातूर भागात घरांच्या कामांवर देखरेख करतो. या संदेशावर विसंबून लोक नको तिथे काटकसर करताना दिसतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा तासाचा. चौकट आधीच पक्की आणि सरळ असेल, तर तयार कवाड तीत टांगायला फार वेळ लागत नाही, हे मान्य आहे. पण मजुरी मुळात चौकटीची असते, आणि संदेशात चौकटीचा उल्लेखच नाही. चौकट उभी करताना मिस्त्री वरच्या आडव्या लाकडाला खिळा ठोकून ओळंबा, म्हणजे दोऱ्याला बांधलेले वजन, खाली सोडतो, दोरा डुलायचा थांबेपर्यंत थांबतो, मग वर, मध्ये आणि खाली दोऱ्यापासून लाकडाचे अंतर मोजतो. फरक दिसला की पाचर ठोकायची आणि पुन्हा दोरा पाहायचा. हे समोरच्या अंगाने झाले की बाजूच्या अंगाने तेच, मग दोन्ही कर्ण सारखे आहेत का ते पाहणे. सात फुटांच्या उंचीत चौकट थोडी जरी कलली, तरी कवाड आपोआप उघडते किंवा फरशीला घासते. यानंतर चौकटीच्या दोन्ही अंगांना मिळून साधारण सहा होल्डफास्ट (चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) भिंतीत सिमेंट-खडीच्या मालाने गाडायचे असतात, आणि तो माल पक्का होईपर्यंत आठवडाभर पाणी मारत थांबावे लागते. आपल्याकडच्या मे महिन्यात, टँकरच्या पाण्यावर दिवस काढताना, हे पाणी मारणेच सर्वांत आधी टाळले जाते आणि पुढे कवाडाच्या धक्क्याने चौकट हलू लागते.

म्हणजे मिस्त्रीला एका दारासाठी किमान दोन खेपा कराव्या लागतात. जुनी चौकट काढून नवी उभी करण्यात एक दिवस जातो. कवाड रंध्याने बेताचे करणे, बिजागऱ्यांच्या खाचा पटाशीने कोरणे, कुलूप आणि कडी-कोयंडा बसवणे यात दुसरा. सागाचे अखंड कवाड ४० ते ५० किलोंचे भरते, त्यामुळे बिगारी लागतोच. मिस्त्रीची हजेरी ९०० आणि बिगाऱ्याची ६०० धरली, तरी दोन दिवसांचे ३,००० रुपये होतात.

१० टक्क्यांच्या हिशेबाला तर काहीच आधार नाही. ८,००० रुपयांच्या फ्लश (सपाट प्लायवूडच्या) दाराला आणि ४०,००० रुपयांच्या कोरीव सागवानी दाराला चौकट सरळ करण्याचे श्रम जवळपास सारखेच पडतात. मजुरी ठरते ती भिंतीवरून. नव्या विटांच्या भिंतीत काम सोपे असते. खेड्यांतल्या जुन्या दगड-मातीच्या भिंतीत दोन्ही अंगांना दगड आणि मध्ये भराव असतो, आणि ते दगड एकमेकांत गुंतलेले नसतात. अशा भिंती किती सहज विस्कटतात हे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात आपण पाहिले आहे. तिथे दारावरच्या भिंतीचा भार पेलणाऱ्या लाकडी पाटाला टेकू न देता चौकट ओढून काढली, तर वरचे दगड काम करणाऱ्याच्या डोक्यावर येऊ शकतात. ज्यांना हे स्वतः करून पाहायचे आहे, त्यांनी निदान अशा भिंतीला हात लावू नये, एवढे मी कळकळीने सांगतो.

काळ्या मातीचा विचारही संदेशात नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया उथळ असेल तर तिच्याबरोबर चौकटही तिरकी होते. लाकूडही ओलाव्याने फुगते. औशाजवळच्या आमच्या जुन्या घराला एप्रिलमध्ये स्वस्तात बसवून घेतलेले दार जुलैत अडकू लागले आणि आई ते खांद्याने रेटून लावू लागली. त्याच ओल्या दिवसांत एका कारागिराने ते भरपूर रंधून दिले. डिसेंबरात कडेला बोट जाईल एवढी फट पडली, आणि उंबऱ्याखालून विंचू घरात येऊ लागले. शेवटी चौकटीसकट सगळे पुन्हा करावे लागले, आणि वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च झाला.

तयार लोखंडी दारांचे म्हणाल, तर तिथे रंधण्याची सोयच नसते. चौकट चुकली की कवाड सुधारता येत नाही, त्यामुळे ओळंब्याचे काम उलट अधिक काटेकोर करावे लागते.

संदेशातली एक तक्रार मात्र रास्त आहे: अनेक मिस्त्री एकच ठोक आकडा सांगतात आणि त्यात काय धरले आहे ते बोलत नाहीत. काम ठरवतानाच जुनी चौकट काढणे, होल्डफास्ट गाडणे, कवाड टांगणे, कुलूप बसवणे आणि कडेचे प्लास्टर यांचे दर वेगवेगळे लिहून घ्यावेत, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा येऊन दार पाहून जाण्याचे त्याच कागदावर नमूद करून घ्यावे.