अण्णांच्या कागदावर दोन सह्या

अण्णा मगदुमांनी तो कागद काढला द्राक्षांच्या औषधांच्या पावत्यांमधून. सांगलीतल्या शंभर फुटी रोडवरच्या आमच्या कट्ट्यावर कर्जाचे, बांधाच्या भांडणाचे, सोयरिकीचे सगळे कागद येऊन गेलेत, पण माणसानं स्वतःच्या मरणाचा कागद आणायची ही पहिलीच वेळ. टाइप केलेला रफीकनं. कोर्टासमोर त्याचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे आणि त्याला वकिलांपेक्षा जास्त कायदा कळतो, असं वकीलच म्हणतात (त्याच्या माघारी).

"लिव्हिंग विल हाय. उद्या बोलता आलं न्हाई तर नळ्या लावून जगवू नका, असं आधीच लिहून ठेवायचं. दोन साक्षीदार लागत्यात. करा सह्या," अण्णा म्हणाले आणि चहा सांगितला.

बापूंनी चष्मा चढवला. बापू म्हणजे एकेकाळचे मंडळाचे अध्यक्ष. मांडव उतरला, मंडळाचे दोन गट पडले, पण माईक काही हातातून सुटलेला नाही. "मुद्दा असा आहे," ते म्हणाले, "की हे आपल्या संस्कृतीत बसत नाही."

"काय बसत न्हाई? सही?" रफीक.

"मरण मागणं."

"मागितलंय कुठं? नळी नको म्हटलंय. वाचा की जरा, स्टॅम्पावर लिहिलंय. कोर्टानं स्टॅम्प सांगितलेला न्हाई, पण अण्णांना बिनस्टॅम्पाचा कागद कागदच वाटत न्हाई."

दिल्याला (मेडिकलवाला दिल्या) लगेच प्रश्न पडला, "म्हणजे आता सही केली की मरता येतंय?"

"गप लगा. सोपं हाय व्हय?" रफीक सरसावून बसला. "२०१८ ला कोर्टानं हा कागद चालतो म्हटलं, पण सही करायची मॅजिस्ट्रेटसमोर. पाच वर्षांत माझ्याकडं एक गिऱ्हाईक आलं न्हाई. २०२३ च्या जानेवारीत ती अट काढली. आता नोटरी न्हाईतर राजपत्रित अधिकारी चालतो. ही झाली कागदाची गोष्ट. आता अण्णा आयसीयूत पडले असं धर."

"धर काय धर," अण्णा म्हणाले, पण त्यांना गंमत वाटत होती.

"तर उपचार करणारा डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ, पाच-पाच वर्षं अनुभवाचे, ह्यांचं एक मंडळ. ते हो म्हणालं की दुसरं मंडळ. त्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं दिलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन. पहिल्यातला एकबी दुसऱ्यात नको. दोघांनी शक्यतो ४८-४८ तासांत सांगायचं. घरच्यांची संमती हायच. मग मॅजिस्ट्रेटला कळवायचं. मग नळी."

"एवढी माणसं माझ्या लग्नाला नव्हती," दिल्या म्हणाला.

अण्णांचा राग वेगळाच होता. कागदाची एक प्रत स्थानिक संस्थेनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं ठेवायची असते. मुंबईच्या डॉक्टर निखिल दातारांनी हायकोर्टात धाव घेतल्यावर आपल्या राज्यानं असे अधिकारी नेमले, ही बातमी रफीकनंच त्यांना वाचून दाखवलेली. अण्णा भाबडेपणानं गावच्या पंचायतीत गेले. तिथल्या माणसानं कागद दोन्ही बाजूंनी बघितला आणि विचारलं, "हे घरपट्टीला जोडायचं का पाणीपट्टीला?"

"कर्नाटकानं २०२५ च्या जानेवारीतच परिपत्रक काढलंय ह्याचं," रफीक म्हणाला. "कागवाड कितीसं लांब हाय? म्हैसाळच्या पुढं दोन पावलं."

"म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात आणायचा आणि मरायला कर्नाटकात जायचं!" बापू खरोखर दुखावले. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्ध आपण कसे आंदोलनात गेलो, हे त्यांनी आम्हाला परत एकदा सांगितलं. मध्ये एक भडंगाची पुडी संपली.

मग बापूंनी अरुणा शानबाग काढली. हे होणारच होतं. "मुंबईच्या केईएममधली नर्स, हल्ल्यानंतर कधी शुद्धीवर आली नाही, तिला तिथल्याच परिचारिकांनी ४२ वर्षं सांभाळली! १९७३ ते २०१५! ही आपली संस्कृती! आणि तुम्ही नळी काढायला निघालात?"

शैलाताई तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. मिरजेत सिस्टर म्हणून जन्म गेला, आता संध्याकाळचं चालणं झालं की कट्ट्यावर पाच मिनिटं टेकतात. त्या म्हणाल्या, "सांभाळली ती नर्सेसनी, बापू. एक बेडसोअर होऊ दिला नाही. तुम्ही नाही सांभाळली. आणि ज्यानं तिची ती अवस्था केली तो सात वर्षांत सुटून बाहेर आला, ते पण त्या संस्कृतीतच धरायचं का?"

बापू चहा प्याले.

"तिच्याच खटल्यात २०११ ला कोर्टानं दार किलकिलं केलं," रफीकनं पुरवणी जोडली. "तिच्यासाठी नळी काढायला न्हाई म्हणाले, पण बाकीच्यांसाठी वाट करून दिली."

अण्णांचं कारण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. तरी ते बोलले. त्यांचा धाकटा भाऊ गेला तो आयसीयूत. कुठल्या दवाखान्यात ते सोडा. घशातली नळी ओढून काढायचा, म्हणून त्याचे दोन्ही हात गॉजपट्टीनं कॉटच्या दांडीला बांधलेले. अण्णा भेटायला गेले की तो फक्त बोटं हलवायचा. मनगटाला पट्टी काचून चर पडलेला. "आमची आज्जी आम्हा जैनांतली सल्लेखना घेऊन गेली," अण्णा म्हणाले. "आधी अन्न सोडलं, मग दूध, मग पाणी. महाराज आले, पंचक्रोशी पाया पडायला आली. तिला कुठल्या मंडळानं विचारलं न्हाई. भावाला तर कुणीच न्हाई विचारलं."

"तेच म्हणतोय मी!" बापूंना वाट सापडली. "सल्लेखना ही संस्कृती आहे. हे तुमचं इंग्रजी विल."

"संस्कृती व्हय? २०१५ ला राजस्थान हायकोर्टानं तिला आत्महत्या ठरवलं, तवा मूक मोर्चाला चला म्हटलं तर तुझा गुडघा दुखत हुता," अण्णा म्हणाले.

"सुप्रीम कोर्टानं त्याच महिन्यात स्थगिती दिली ना पण."

"दिली की. तुझ्या गुडघ्यामुळं न्हाई दिली."

इथं विषय अण्णांच्या कागदावर राहिला असता तर सही होऊन आम्ही साडेसातला घरी गेलो असतो. पण बापूंनी पवित्रा बदलला. संस्कृती चालेना तशी त्यांनी व्यवस्था काढली. मुद्दा असा आहे की कायदा ढिला सोडला तर लोक काय करतील सांगता येत नाही. म्हाताऱ्याच्या जमिनीसाठी पोरं नळी काढतील. हे मात्र खरं बोलले, मी मान डोलावली. रफीकसुद्धा म्हणाला की दुसरं मंडळ त्यासाठीच आहे. तेवढ्यावर थांबावं, तर नाही. "सगळ्याच बाबतीत कायदा कडक पाहिजे. म्हैसाळ विसरलात काय?"

म्हैसाळ म्हटलं की आमच्याकडं आवाज खाली येतो. २०१७ चा मार्च, बेकायदा गर्भपात करून ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ. शेजारच्या साताऱ्यात २०११ साली २८५ नकुशांची (मुलगी नको म्हणून 'नकुशा' नाव ठेवलेल्या पोरींची) नावं सरकारी कार्यक्रमात बदलली होती. सहा वर्षांनी आमच्याकडं तर नाव ठेवायचीही वेळ येऊ दिली नव्हती.

"कायदा ढिला हुता म्हणून म्हैसाळ झालं न्हाई," रफीक म्हणाला. "गर्भलिंग तपासायला बंदी महाराष्ट्रानं १९८८ लाच घातली, देशात पहिली. केंद्राची १९९४ ची. तीस वर्षं कायदा कडकच हाय."

"आणि त्याचा फटका कुणाला बसतो सांगू?" शैलाताई. "गर्भपाताचा कायदा १९७१ चा. लिंगतपासणीचा वेगळा. पण लोकांनी दोन्हींचा काला करून टाकला. आता हक्काचा, कायद्यातला गर्भपात मागायला बाई आली तरी डॉक्टर आधी दाराकडं बघतो. दिल्या, तू गोळ्या ठेवतोस?"

"न्हाई ओ ताई," दिल्या ओशाळला. "चिठ्ठी असली तरी न्हाई. कोण त्या रजिस्टर-तपासणीच्या भानगडीत पडतंय? संपल्यात म्हणून सांगतो."

"बघा. २०२१ ला २० आठवड्यांचे २४ केले, ते पण ठरावीक बायकांना आणि दोन डॉक्टरांच्या मतानं. त्यापुढं परत मंडळच. २०२२ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, लग्न झालेलं नसलं तरी हक्क तोच. पुढच्याच वर्षी २६ आठवड्यांची एक लग्नाची बाई गेली, तर आधी हो म्हणाले आणि आठवड्याभरात नाही. तोवर पोट काय थांबून राहतंय?"

बापूंनी इथं गप्प बसावं अशी माझी फार इच्छा होती. ते म्हणाले, "पण नवऱ्याची संमती?"

"सज्ञान बाईला लागत नाही. १९७१ पासून नाही."

"काय सांगता!" बापूंना हा धक्का खरोखरचा होता. ५० वर्षांपूर्वीच्या कायद्याची बातमी त्यांना शंभर फुटी रोडवर मिळत होती. त्यांनी मोबाइल काढून खात्री केली, मग मोबाइलवरच संशय घेतला.

दिल्याला आता चेव आला. त्याच्या मेव्हण्याचं सरोगसीचं चाललंय, कागद जमवून जमवून नवरा-बायको निम्मे झालेत. २०२१ च्या कायद्यानं पैसे देऊन सरोगसी बंद. दवाखान्याचा खर्च आणि विमा, एवढंच द्यायचं. पोट देणारी बाई २५ ते ३५ ची, स्वतःचं मूल असलेली, आणि तेही जन्मात एकदाच.

"बरोबरच आहे," बापू. "मातृत्वाचा बाजार होता कामा नये."

"बाजार बंद कुठं झाला?" रफीक म्हणाला. "डॉक्टर फी घेतो, वकील घेतो, नोटरी घेतो, विमावाला घेतो, मीबी पानामागं टायपिंगचे घेतो. नऊ महिने पोट जिनं वाहायचं तिनंच तेवढं पुण्य कमवायचं."

शैलाताईंनी मान हलवली. "एवढं सरळ नाही रफीक. कर्ज फेडायला सासूनं हाताला धरून आणलेल्या बायका मी पाहिल्यात. रक्त विकायला, किडनी विकायला. पैसे खुले केले की ते बाईच्या हातात पडत नाहीत."

रफीक पहिल्यांदाच काही बोलला नाही. ते त्याला लागलं असावं, कारण त्यानं लगेच विषय बदलून दिल्याला विचारलं, मेव्हण्याचे ते गोठवलेले गर्भ पुण्यातच ठेवलेत काय? ठेवलेत, आणि वर्षाला त्यांचं भाडं भरावं लागतं. दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. त्यानंतर नष्ट होऊ द्यायचे, नाहीतर संमती देऊन संशोधनाला द्यायचे.

"संशोधन म्हणजे काय करतात?" अण्णा.

"१४ दिवसांपर्यंत बशीत वाढवू शकतात, पुढं न्हाई," रफीक म्हणाला. हा माणूस टाइप करता करता सगळं वाचतो. "ब्रिटनमध्ये वॉर्नक बाईंच्या समितीनं १९८४ ला ती हद्द घातली, आपल्या आयसीएमआरच्या, म्हंजे वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, नियमांतबी तीच. त्या सुमाराला गर्भावर कण्याची पहिली रेघ उमटती. तवर त्याचे दोन जुळेबी होऊ शकतात, म्हंजे एक माणूस का दोन तेच ठरलेलं नसतंय."

जरा वेळ कुणी बोललं नाही.

"तुमच्यात मेल्यावर तेरावं घालत्यात," रफीकच म्हणाला, "हितं जन्मायच्या आधीच चौदावं."

शैलाताईंनासुद्धा ठसका लागला. बापू तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, मुद्दा असा आहे की वयाचीही मर्यादा हवी. त्या पंजाबी गायकाच्या आईला ५८ व्या वर्षी आयव्हीएफनं मूल झालं, हे काय आहे? ती मर्यादा आहेच, दिल्यानं सांगितलं: बाई ५० पर्यंत, पुरुष ५५ पर्यंत. केंद्रानं त्या वेळी पंजाब सरकारला पत्र धाडून विचारणाही केली होती. बापूंना समाधान वाटलं. एवढ्या वेळात त्यांच्या मनासारखं पहिल्यांदाच काहीतरी कायद्यात सापडलं होतं.

"आता सही कर," अण्णा म्हणाले.

"करतो. पण निर्णय घेणारा नातेवाईक म्हणून कुणाचं नाव घातलंय?"

"पोरीचं. तुझं घातलं असतं तर सर्दीला नळी काढली असतीस. २०१९ च्या पुरात नेलेला जनरेटर अजून तुझ्या गोठ्यात हाय. मी गेलो की सुटलास."

"तो बंद पडलाय अण्णा."

"म्हणून काय तुझा झाला?"

"मॅजिस्ट्रेटला कळवा," दिल्या म्हणाला. "दोन मंडळं नेमा."

जनरेटरवर पंधरा मिनिटं गेली, ती इथं लिहीत नाही. सात वर्षांत त्या विषयात नवीन काही घडलेलं नाही. शेवटी पहिली सही शैलाताईंनी केली. मग बापूंनी पेन घेतलं, झोकात सही केली, कागद परत द्यायला लागले.

"खाली वय, धंदा, पत्ता," रफीक म्हणाला. "आणि आधार दाखवा. नोटरी बघतोय."

बापू आधारवर अंगठा धरून दाखवायला लागले. दिल्यानं अंगठा उचलला. केस काळे कुळकुळीत करून गेली कित्येक वर्षं एकोणसाठीत मुक्काम ठोकलेला हा माणूस आधारवर ६८ वर्षांचा निघाला.

"एकोणसाठ लिही," बापू हळूच म्हणाले.

"खोटं प्रतिज्ञापत्र हुतंय बापू. आत जाशीला."

"अरे पण घरी कळेल!"

"वहिनींना म्हाईत न्हाई?" अण्णा गुडघ्यावर थापा मारत होते. शैलाताईंनी पदर तोंडाला लावला. चहावाला गाडा सोडून बघायला आला.

"लिही अडुसष्ट," रफीकनं पेन पुढं केलं. "आणि आता आयव्हीएफचा नाद सोडा. ५५ पर्यंतच हाय."

बापूंनी शिवी दिली ती इथं छापता येणार नाही. चहाचं बिलही त्यांनीच भरलं, म्हणाले, फक्त हे बाहेर जाऊ देऊ नका.