खुलासा: ब्रोका भागाला इजा म्हणजे वाचा कायमची गेली, असे नाही

‘मेंदूतला ब्रोका भाग म्हणजे बोलण्याचे केंद्र, तिथे इजा झाली की वाचा कायमची जाते’ असा मेसेज फिरतो आहे. तो अर्धवट आहे, आणि त्यामुळे घरचे लोक स्पीच थेरपीची आशाच सोडतात.

हा भाग बहुतेकांच्या डाव्या फ्रंटल लोबमध्ये (मेंदूच्या पुढच्या भागात), खालच्या वळीच्या मागच्या टोकाला असतो. मेंदूच्या भागांना क्रमांक देणाऱ्या ब्रोडमनच्या नकाशात क्रमांक ४४ आणि ४५. जवळजवळ फक्त ‘टॅन’ एवढेच बोलू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये तपासला. त्यांनी पृष्ठभागावरची इजा नोंदवली, पण मेंदू कापला नाही, जपून ठेवला. त्याच मेंदूच्या एमआरआयचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले: इजा खोलवर, इन्सुला (मेंदूच्या घडीत आत दडलेला भाग) आणि भाषेचे पुढचे-मागचे भाग जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेली होती. इजा नुसत्या ब्रोका भागापुरती असेल तर बोलणे बहुधा बरेच सुधारते. खालचे तंतूही गेले तर अडचण टिकते.

तेव्हा तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका. बोलणे अचानक अडखळले, तर मात्र सुधारेल म्हणून थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.