ते प्रेत खरं होतं
लेख झकास, पण 'गेट कार्टर' (१९७१) या ब्रिटिश गुन्हेगारीपटाची गोष्ट निव्वळ काल्पनिक म्हणालात तिथे अडखळलो. जानेवारी १९६७ मध्ये इंग्लंडच्या डरहम परगण्यातल्या साउथ हेटनला एका पुलाखाली जग्वार गाडीत अँगस सिबेटचं प्रेत सापडलं होतं, गोळ्या घातलेलं. क्लबांमधल्या जुगाराच्या मशीनचे पैसे गोळा करायचं त्याचं काम. कहर म्हणजे सिनेमातल्या खलनायकाचा बंगला त्याच मशीनवाल्या मालकाचा! दिग्दर्शक माइक हॉजेसने तिथेच शूटिंग केलं. नायक झालेल्या मायकेल केनची बोली गोष्टीतल्या न्यूकॅसल शहराची वाटत नाही, हे मान्य. पण दारूच्या गुत्त्यात शिरताच चुटकी वाजवून 'पातळ ग्लासात' बिअर मागतो ना, तेवढ्यावर सगळं माफ. सिनेमात दिसणारी गेट्सहेडची ती पार्किंगची इमारत मात्र २०१० मध्ये पाडली. चुटपुट लागली.