'खुर्चीत बसून' लिहिणाऱ्याचं उत्तर

नमस्कार. छोट्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) नवा पार्ट लीन पद्धतीनं, म्हणजे टोयोटासारखं काही वाया न घालवता, कसा डेव्हलप करावा, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : 'ड्रॉइंग कस्टमर देतो, आम्ही फक्त ओततो. पॅटर्नचे पैसे निघत नाहीत, बिलं 90 दिवस अडकतात. खुर्चीत बसून टोयोटा सांगायला काय जातंय?'

आधी चूक कबूल करतो. टोयोटाची प्रियस गाडी बाजारात आली डिसेंबर 1997 मध्ये, मी 1995 लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

पण 'खुर्चीत बसून'? साहेब, कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या वडिलांचं पॅटर्न शॉप होतं; पॅटर्न म्हणजे ज्यावरून वाळूचा साचा घेतात तो नमुना. शाळेतून आलो की भुसा झाडायचं काम माझं. बीड थंड होताना आकसतं म्हणून त्याच्या पॅटर्नची मोजपट्टी मीटरमागे सुमारे 10 मिलिमीटर लांब असते, हे मला वर्गातल्या फूटपट्टीआधी कळलं. पुढं 11 वर्षं शिरोलीच्या एका फाउंड्रीत डेव्हलपमेंट बघितलं. खुर्ची होती, पण तिच्यावर बहुतेक वेळ कोअर बॉक्स (पार्टच्या पोकळ भागासाठी वाळूचा गाभा बनवायचा साचा) ठेवलेला असायचा.

तिथंच एका ब्रॅकेटचं सँपल श्रिंकेजमुळं (धातू आकसून आत पडलेल्या पोकळीमुळं) तीनदा परत आलं. दरवेळी आम्ही रायझर (आकसणाऱ्या पार्टला जादा रस पुरवणारा साठा) सरकवायचो आणि वाट बघायचो. पाच आठवडे गेले. शेवटी फेटलिंगचे (ओतलेले पार्ट साफ करणाऱ्या विभागाचे) फोरमन म्हणाले, "ह्याच जाडीला मागं एका हाउसिंगमध्ये पण असाच पोकळा आला होता की." म्हणजे उत्तर कारखान्यातच होतं, पण कागदावर नव्हतं. त्या दिवशी वही घातली : जाडी किती, रायझर कुठं, काय बिघडलं. टोयोटावाले अशाच माहितीचे ट्रेड-ऑफ कर्व्ह (एक गोष्ट बदलली तर दुसरी किती बिघडते, याचे आलेख) काढतात, आमच्याकडं तिला 'रडगाण्याची वही' म्हणायचे. पुढच्या पार्टला रायझरच्या तीन जागा लाकडी तुकडे लावून एकाच हीटमध्ये (भट्टीच्या एकाच वितळणीत) ओतून बघितल्या आणि मगच पॅटर्न प्लेट पक्की केली. एकाच पर्यायाला आधीच चिकटायचं नाही, सेट-बेस्ड म्हणतात ते हेच. खर्च लाकडाचा आणि चार साच्यांचा. ओबेया म्हणजे जपानीत मोठी खोली, जिथं कामाची माहिती भिंतीवर लावून सगळे एकत्र ठरवतात. आमची ओबेया चहाच्या टपरीकडची भिंत होती.

आणि 'ड्रॉइंग कस्टमर देतो' म्हणता, तर त्या ड्रॉइंगमध्ये गेटिंग (रस साच्यात जायच्या वाटा) असतं का हो? रायझर असतो? ते डिझाइन तुमचंच, तुम्ही त्याला डिझाइन म्हणत नाही एवढंच. 2023 पासूनच्या केंद्राच्या लीन योजनेत सल्ल्याच्या खर्चाचे 90 टक्के सरकार देतं, पण तिथंही भर मुख्यतः शॉप फ्लोअरवर, म्हणजे रोजच्या उत्पादनावर, नव्या पार्टच्या डेव्हलपमेंटवर कमी. म्हणून तर हा लेख लिहिला.

बिलांचा विषय वेगळा, तो इथं नको. पॅटर्नच्या पैशांचं ज्यानं त्यानं बघावं.

तुमची प्रतिक्रिया काढणार नाही, भाषा तशी असली तरी. गेल्या वर्षी तुमची किती सँपल परत आली, तेवढं लिहा. आकडा सापडत नसेल तर तुमच्या फेटलिंगच्या फोरमनना विचारा.